तिसऱ्या मजल्यावरची दोन घरं आणि सोसायटीचा ग्रुप : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण ठाण्याच्या जुन्या भागातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतलं आहे. मी कौटुंबिक समुपदेशक आहे आणि संस्थेच्या कमिटीने मला मध्यस्थीसाठी बोलावलं होतं. दोन्ही कुटुंबांची संमती घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं घेतलेली नाहीत. ज्यांना अख्खी बिल्डिंग अण्णा आणि भाऊ म्हणते, त्यांना मीही तसंच म्हणेन.

पार्श्वभूमी

इमारत १९८०च्या दशकातली आहे. चार मजले, ३२ घरं, लिफ्ट नाही. तलावपाळी आणि गावदेवीची भाजी मंडई चालत जाण्याच्या अंतरावर. नौपाडा-पाचपाखाडीच्या पट्ट्यात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे आता पुनर्विकासाची चर्चा लागलेली आहे.

तिसऱ्या मजल्यावर अण्णा आणि भाऊ यांची दारं समोरासमोर. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. घरी ते आणि माई, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. भाऊंची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात झाली. त्यांच्याबरोबर काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. दोन्ही घरांतली मुलं एकाच वर्गात होती, दुपारचं जेवण कोणाकडे व्हायचं हे शाळेतून आल्यावर ठरायचं. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांच्या खिळ्यावर. गणपतीत एका घरचे मोदक दुसऱ्या घरी गेल्याशिवाय पंगत बसत नसे.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला तो पाण्याच्या वेळा आणि मेंटेनन्सच्या आठवणीसाठी. प्रत्येक घरामागे एक नंबर घ्यायचा असं ठरलं. बहुतेक घरांतून पुरुषांचा नंबर गेला. ही साधी वाटणारी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये या ग्रुपने बिल्डिंगला सांभाळलं, हे मुद्दाम सांगायला हवं. भाजीची एकत्र ऑर्डर, कोणाच्या घरी ताप आहे, कोणाला औषध हवंय, दाराबाहेर डबा कोण ठेवणार, सगळं तिथे चालायचं. अण्णांना करोना झाला तेव्हा भाऊंच्या सुनेने रोज ग्रुपवर त्यांची खबर दिली आणि पुण्यातला मुलगा ती वाचून झोपू शकला. घरटी एकच नंबर असला तरी बाहेरगावी असलेल्या मुलांना आणि भाऊंच्या मुला-सुनेला तेव्हाच ग्रुपमध्ये घेतलं होतं.

लॉकडाउन संपला, पण सवय राहिली. पूर्वी जिन्यात उभ्याउभ्या होणारं बोलणं फोनवर गेलं. ‘पाणी आलं का?’ हे समोरचं दार वाजवून विचारण्याऐवजी ३५ जणांना विचारलं जाऊ लागलं. तेव्हा याचं कोणालाच काही वाटलं नाही, आणि वाटावं असं त्यात काही दिसतही नव्हतं.

अडचण

पुनर्विकासाचे प्रस्ताव आले तशी चर्चा ग्रुपवर सुरू झाली. अण्णांचं म्हणणं होतं की आधी प्रकल्प सल्लागार नेमून अहवाल घ्यावा, स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरशिवाय संस्थेनेच इमारत नव्याने बांधणं, जमतो का ते तपासावं आणि मगच बिल्डरशी बोलावं. भाऊंना वाटत होतं की चांगला बिल्डर समोर आहे, हातचं सोडू नये. चटई क्षेत्र, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम), बँक गॅरंटी, भाडं यांवर रोज पन्नास-साठ मेसेज पडत होते.

एका रात्री अकराच्या सुमारास अण्णांनी लांब मेसेज टाकला. त्यात एक वाक्य होतं: ‘काही मंडळींना एवढी घाई का झाली आहे हे न समजण्याइतके आम्ही दूधखुळे नाही.’ भाऊंचा एक भाचा बांधकाम व्यवसायात आहे. भाऊंनी ते वाक्य स्वतःवर घेतलं. ते काही लिहिण्याआधी त्यांच्या मुलाने उत्तर दिलं: ‘ज्यांची स्वतःची मुलं वर्ष-वर्ष फिरकत नाहीत त्यांनी बिल्डिंगच्या भवितव्याची काळजी करू नये.’ त्यावर सात जणांनी अंगठे दाखवले.

सकाळी त्याने मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. तोवर स्क्रीनशॉट पुण्याला पोचला होता. अण्णांच्या मुलाने तिथून जे लिहिलं ते इथे देत नाही. दुपारी भाऊंच्या घराची किल्ली माईंनी नव्हे, वॉचमनने आणून दिली. त्या वर्षी गणपतीत मोदकांचं ताट समोरच्या घरी गेलं नाही.

भांडण दोन घरांपुरतं राहिलं नाही. पुनर्विकासासाठी राज्य सरकारने ४ जुलै २०१९ रोजी जे निर्देश काढले, त्यांनुसार विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी लागते. इथे २२ जण हवे होते, आले १९. अण्णांच्या बाजूची माणसं आलीच नाहीत. सभा तहकूब झाली.

समोर असलेले पर्याय

मी येण्याआधी कमिटीपुढे चार गोष्टी होत्या.

चेअरमनना ग्रुप बंदच करायचा होता. ‘या इंटरनेटने माणसं बिघडली,’ हे त्यांचं वाक्य मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं. हा प्रश्न अभ्यासकांनाही जुना आहे. अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ माणसांवर रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरातल्यांशी बोलणं थोडं कमी झालं आणि एकटेपणा थोडा वाढला, असं त्यात दिसलं. पण त्याच मंडळींकडे पुन्हा पाहिल्यावर २००२च्या लेखात त्याच संशोधकांनी लिहिलं की ते दुष्परिणाम बहुतांशी विरले होते. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका गटात, ज्यांच्याकडे आधीपासून माणसं होती, त्यांना इंटरनेटचा फायदाच जास्त होत होता. म्हणून ‘ग्रुप वाईट की चांगला’ या प्रश्नात मी फार वेळ घालवला नाही. या बिल्डिंगकडे जपलेली नाती होती. त्यांतलं नेमकं कोणतं बोलणं ग्रुपवर गेल्यामुळे बिघडलं, हे मला शोधायचं होतं.

दुसरा पर्याय सेक्रेटरींचा: फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करायची. तिसरा पुण्याहून आलेला: वकिलाची नोटीस. त्यात ॲडमिन म्हणून सेक्रेटरींचंही नाव घालण्याची भाषा होती, आणि ते खरोखर घाबरले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे की समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. हे त्यांना कळलं असतं तर पुढचा निर्णय कदाचित इतक्या घाईने झाला नसता. चौथा पर्याय माफीचा: भाऊंच्या मुलाने ग्रुपवर लिहून मोकळं व्हायचं.

कमिटीने दुसरा पर्याय निवडला आणि त्याच रात्री ग्रुपला कुलूप लागलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हा. आठवड्याभरात दोन वेगळे ग्रुप तयार झाले, एक बिल्डर हवा असणाऱ्यांचा आणि एक नको असणाऱ्यांचा. मूळ ग्रुपवर निदान समोरचा माणूस वाचतोय याची जाणीव होती. नव्या ग्रुपवर समोरचा कोणी नव्हताच. भाऊंच्या गटातल्या एकाने मला नंतर सांगितलं, ‘तिथे अण्णांबद्दल जे लिहिलं गेलं, ते मी जिन्यात अण्णा दिसल्यावर आठवायचो आणि मान खाली घालून निघून जायचो.’ म्हणजे बोलणं थांबवून भांडण थांबलं नाही, उलट जिन्यातला उरलासुरला नमस्कारही गेला.

प्रत्यक्ष काय केलं

पहिल्यांदा मी दोन्ही घरी स्वतंत्रपणे गेले. संस्थेच्या ऑफिसात बोलवायचं नाही हे ठरवलं होतं, कारण तिथे माणूस सभासद होऊन बसतो.

भाऊंच्या घरी पहिल्याच दिवशी काकूंचं खुब्याचं दुखणं दिसलं. तीन मजले उतरायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात, चढायला त्याहून जास्त. आठवड्यातून एकदा मंडईत जायचं एवढंच त्यांचं बाहेर पडणं. ‘लिफ्टची इमारत झाली की मी रोज तलावपाळीला जाईन,’ असं त्या म्हणाल्या. भाऊंची घाई ही होती. ग्रुपवरच्या शेकडो मेसेजमध्ये त्यांनी काकूंच्या जिन्याचा उल्लेख एकदाही केला नव्हता. का, असं विचारल्यावर म्हणाले, ‘बायकोचं दुखणं काय ३५ जणांत मांडायचं?’

समोरच्या घरी माईंनी मला चहा देताना स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, ‘यांना भाड्याच्या घराची भीती वाटते हो. तीन वर्षं म्हणाले की पाच होतात. आपण परत या जागेत येणारच नाही असं यांच्या मनाने घेतलंय.’ अण्णांच्या सल्लागार-अहवालाच्या आग्रहामागे हे होतं. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, अहवाल हवाच होता. पण अहवालाबरोबर त्यांना वेळही हवा होता.

इथे एक गोष्ट कळली जी कमिटीला माहीत नव्हती. माई आणि काकू यांचं बोलणं एक दिवसही थांबलं नव्हतं. ग्रुपमध्ये दोघींचेही नंबर नव्हते. काकूंच्या मंडईच्या दिवशी माई आधीच खाली जाऊन थांबत, दोघी भाजी घेत आणि काकूंची पिशवी माई वर आणत, तीही पुरुष मंडळी घरात नसतील अशा बेताने. एकमेकींच्या घरातलं खरं कारण दोघींना ठाऊक होतं. नवऱ्यांना मात्र एकमेकांचं ठाऊक नव्हतं.

मग प्रश्न आला, माईंनी विश्वासाने सांगितलेलं मी भाऊंना सांगायचं का? सांगितलं असतं तर भाऊ त्याच दिवशी विरघळले असते असं मला आजही वाटतं. तरी मी ते केलं नाही. अण्णांची भीती दुसऱ्याच्या तोंडून भाऊंपर्यंत गेली असती तर अण्णांच्या लेखी तो आणखी एक स्क्रीनशॉटच झाला असता. म्हणून मी दोघांनाही एकेकटं भेटून एकच प्रश्न विचारला: चटई क्षेत्र, कॉर्पस आणि बिल्डर हे शब्द न वापरता सांगा, या सगळ्यात तुम्हाला रात्री झोप कशामुळे लागत नाही? अण्णांनी बराच वेळ घेतला, पण सांगितलं. हे भाऊंसमोर बोलाल का, असं विचारल्यावर त्यांनी दोन दिवस मागून घेतले.

दोघांची भेट माझ्या कामाच्या जागी झाली, कारण बिल्डिंगमध्ये कोणी कोणाच्या दारात गेलं हेही त्या दिवसांत दोन्ही ग्रुपवर पोचत होतं. त्या भेटीत मी अण्णांचा मेसेज छापून नेला होता. आधी भाऊंना मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी ‘काही मंडळी’वर जोर दिला आणि वाक्य टोमण्यासारखं वाजलं. मग तेच वाक्य अण्णांनी वाचलं. त्यांचा जोर ‘एवढी घाई’वर होता आणि आवाज थकलेला होता. अण्णांच्या डोक्यात कमिटीला न विचारता बिल्डरला भेटून आलेले दुसरेच दोन सभासद होते. भाऊ म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही हे दारात उभं राहून म्हणाला असता तर मला एका क्षणात कळलं असतं.’

हे त्या दोघांपुरतं नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांचा २००५चा एक प्रयोग आहे. लोकांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे, कधी ईमेलने तर कधी आवाजातून पाठवली. आपला सूर समोरच्याला नक्की कळेल अशी पाठवणाऱ्यांची दोन्ही प्रकारांत सारखीच खात्री होती. आवाज ऐकणाऱ्यांनी तो बऱ्यापैकी ओळखला. ईमेल वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरा होता. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज वाजत असतो, म्हणून त्याला वाक्य स्पष्ट वाटतं.

त्यानंतर अण्णांनी भाड्याच्या घराचं सांगितलं आणि भाऊंनी काकूंच्या जिन्याचं. ‘अरे, मला एकदा सांगायचंस तरी,’ अण्णा म्हणाले. ‘मी रोज काकूंना खाली सोडायला आलो असतो.’ मतं तिथे बदलली नाहीत. अण्णांना अहवाल हवाच होता, भाऊंना बिल्डर हवाच होता.

माफीचा प्रश्न वेगळा आणि अवघड होता. पुण्याच्या मुलाची अट होती की अपमान ग्रुपवर झाला, माफीही ग्रुपवरच हवी, आणि भेटीला तो व्हिडिओ कॉलवर असेल. त्याची पहिली मागणी मला रास्त वाटली. साक्षीदारांसमोर झालेली जखम बंद खोलीत पूर्ण भरत नाही. पण ग्रुपवर आधी माफी लिहिली असती तर ती अण्णांसाठी नसती, वाचणाऱ्या ३५ जणांसाठी असती. पुन्हा कोणीतरी अंगठे दाखवले असते. म्हणून क्रम उलटा ठेवला. भाऊंचा मुलगा आधी एकटा अण्णांकडे गेला. तो ‘अण्णाकाका’ म्हणाला आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही, असं माईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मूळ ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: मी लिहिलं ते चूक होतं, अण्णाकाकांची मी भेटून माफी मागितली आहे. सेक्रेटरींनी त्यावर कोणालाही उत्तर लिहिता येणार नाही अशी व्यवस्था ठेवली. ॲडमिनपुरतं लिहिण्याची सोय या एका दिवशी खरोखर उपयोगी पडली.

व्हिडिओ कॉलला मी नकार दिला. पुण्याचा मुलगाही दुखावला होता आणि त्याला बाजूला ठेवणं त्याला दुसऱ्यांदा दुखावणारं होतं, हे मान्य करूनच. पण त्याचं बिल्डिंगशी नातं काही वर्षांपासून फक्त ग्रुपमधून उरलं होतं. जिन्यात कोणी समोर येत नव्हतं, कोणाची नात त्याला पाहून हसत नव्हती. राग निवळायला जे रोजचं किरकोळ दिसणं-भेटणं लागतं, ते त्याच्या वाट्याला येत नव्हतं. मी त्याला प्रत्यक्ष येण्याची विनंती केली. तो महिन्याने आला.

निष्पत्ती

पुढची विशेष सर्वसाधारण सभा २७ जणांच्या हजेरीत झाली. प्रकल्प सल्लागार नेमायचा ठराव मंजूर झाला. बिल्डर की स्वयंपुनर्विकास, हे अजून ठरलेलं नाही आणि त्यावर अण्णा व भाऊ आजही विरुद्ध बाजूला आहेत.

पुनर्विकासाची चर्चा ग्रुपवरून काढून रविवारी सकाळी गच्चीवर आणली. प्रश्न ग्रुपवर लिहायचा, त्याचं उत्तर आणि वाद गच्चीवर. बाहेरगावच्या सभासदांसाठी एकाने फोन लावून ठेवायचा, पण त्यांनी लिहायचं नाही, बोलायचं. हा नियम टिकला. ‘काही मंडळी’, ‘काही जण’ अशी मोघम बोटं दाखवायची नाहीत, हाही बऱ्यापैकी टिकला. रात्री नऊनंतर मेसेज नको हा नियम दोन आठवड्यांत मोडला, कारण नोकरीवरून घरी यायलाच अनेकांना नऊ वाजतात. तो आग्रह सोडून दिला. दोन वेगळ्या ग्रुपांपैकी एक बंद झाला, दुसरा माझ्या माहितीप्रमाणे चालू आहे.

माई आता उघडपणे काकूंबरोबर मंडईत जातात. अण्णा-भाऊंचं बोलणं सुरू झालंय, पण किल्ल्या अजून आपापल्या घरात आहेत. दोघांची मुलं, एका बाकावर बसलेली, त्यांचं मात्र जमलं नाही. पुण्याचा मुलगा आला तेव्हा दोघं भेटले, चहा घेतला, आणि परत गेल्यावर त्याने ग्रुप सोडला. त्याच्या शब्दांत, ‘तो मेसेज मी पाठ केलाय, बाबांनी स्वतःचा मेसेज वाचून दाखवला तसा मी हा वेगळा वाचू शकत नाही.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांचं वाक्य खरंच संदिग्ध होतं. भाऊंच्या मुलाचं वाक्य संदिग्ध नव्हतं, ते दुखावण्यासाठीच लिहिलेलं होतं, आणि सूर समजावून अशी वाक्यं बोथट होत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रुपला कुलूप लावण्याऐवजी दुसऱ्याच सकाळी चेअरमननी दोन्ही दारं वाजवायला हवी होती. मेसेज रात्री पडला, किल्ली दुसऱ्या दुपारी परत गेली. मधले बारा-चौदा तास बिल्डिंगमधला प्रत्येक जण फोन बघत होता, पण तिसऱ्या मजल्यावर कोणी गेलं नाही. सात अंगठ्यांपैकी तिघांनी मला सांगितलं की ते मेसेज पूर्ण न वाचता दाबले गेले होते. त्या तिघांनी जरी दुसऱ्या दिवशी अण्णांना तेवढं सांगितलं असतं, तरी ‘सगळी बिल्डिंग माझ्या विरोधात’ ही अण्णांची समजूत झाली नसती.

पुनर्विकासासारखा विषय ग्रुपवर येण्याआधी कमिटीने घरोघरी जाऊन प्रत्येकाची अडचण टिपून घेतली असती, तर जिना आणि भाड्याचं घर या दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यातच कागदावर आल्या असत्या. सल्लागार आता हेच करतो आहे आणि त्याच्या यादीत लिफ्टविना अडलेली आणखी पाच माणसं निघाली आहेत. त्यांच्यासाठी बांधकाम सुरू होण्याआधी तळमजल्यावरच्या रिकाम्या जागा तात्पुरत्या भाड्याने मिळतील का, याची चौकशी चालू आहे.

घरटी एक नंबर ही पद्धतही बदलायला हवी होती. मी कमिटीला सुचवलं की प्रत्येक घरातून निदान दोन नंबर घ्यावेत आणि दुसरा नंबर कोणाचा हे घरातल्या बायकांनी ठरवावं. आजवर ११ घरांनी तो दिला आहे. काकूंकडे साधा फोन आहे, म्हणून त्यांच्यासाठी आणि आणखी तिघांसाठी सूचना कागदावर छापून दारात दिली जाते. हे काम सध्या भाऊंची नात करते.